काळे केस ४० मिनिटांत चंदेरी होत नाहीत

व्हॉट्सअ‍ॅपवर सध्या एक व्हिडिओ फिरतोय. कुणी भाचीला पाठवतंय, कुणी भिशीच्या ग्रुपवर टाकतंय. दावा असा: काळे केस घरच्या घरी ४० मिनिटांत चंदेरी करा. ब्लीच पावडरमध्ये ४० व्हॉल्यूमचा डेव्हलपर (पावडरला कामाला लावणारं पेरॉक्साइडचं द्रावण) मिसळा, केसांना लावून उन्हात बसा, धुवा, मग जांभळा शाम्पू तासभर ठेवा. शाम्पू नसेल तर कपड्यांची नीळ चालते. मेहंदी लावलेली असली तरी हरकत नाही, आधी खोबरेल तेल लावलं की केसांना काही होत नाही, आणि पार्लरवाले उगाच घाबरवतात.

मी नागपुरात प्रतापनगरला १९ वर्षांपासून पार्लर चालवते. एप्रिलमध्ये एक कॉलेजची मुलगी डोक्याला दुपट्टा घट्ट गुंडाळून आली. तो सोडला, तर मुळाशी दोन बोटं पिवळंधम्मक, मधला भाग संत्र्याच्या सालीसारखा, टोकं अजून तांबूस काळी, आणि पिवळ्या भागावर हिरवट डाग. "ताई, त्यांनी सांगितलं तस्संच केलं नं मी," असं म्हणताना तिचे डोळे भरून आले. तिचं काहीच चुकलं नव्हतं. सांगितलेली कृतीच चुकीची आहे.

सगळ्यात मोठी गफलत जांभळ्या शाम्पूची आहे, म्हणून आधी तीच. टोनर (ब्लीचनंतर केसांना झाक द्यायचा रंग) असो की जांभळा शाम्पू, तो केस उजळ करत नाही. तो फक्त उरलेला पिवळेपणा मारतो, कारण रंगचक्रात जांभळा पिवळ्याच्या समोर बसतो. केशरीच्या समोर निळा बसतो. म्हणजे केशरी केसांवर जांभळा शाम्पू तासभर काय, रात्रभर ठेवला तरी चांदी उतरणार नाही. केस कोरडे आणि मळकट दिसतील, एवढंच. आपल्या केसांत काळं-तपकिरी रंगद्रव्य भरपूर असतं, सोबत लालसर-पिवळंही असतं. ब्लीच काळ्याला लवकर तोडतं, लाल-पिवळं चिवटपणे मागे राहतं. म्हणून काळा केस उजळताना आधी तांबडा, मग केशरी, मग पिवळा, आणि सगळ्यात शेवटी फिकट पिवळा होतो. आम्ही याला १ ते १० अशा लेव्हल देतो. आपले केस बहुतेक १ ते ३ मध्ये असतात आणि चंदेरीसाठी १० लागते. केळ्याचं साल सोलून आतली बाजू बघा: केस तितका फिकट झाला, तरच टोनरला काम करता येतं.

नीळ चालते असं का वाटलं असेल, ते मला कळतं. माझी आजी पांढरी धोतरं निळीच्या पाण्यातून काढायची, पिवळट धोतर शुभ्र दिसायचं. पण धोतर मुळात पांढरं होतं. पिवळ्या केसांवर निळा चढला की हिरवट झाक येते, आणि ब्लीच केलेला केस टिपकागदासारखा असल्यामुळे जिथे जास्त शोषतो तिथे डाग धरतो. शिवाय नीळ कापडासाठी बनवतात, डोक्याच्या कातडीसाठी नाही.

आता ४० व्हॉल्यूम. म्हणजे १२ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड. २० व्हॉल्यूममध्ये ते ६ टक्के असतं. जास्त टक्के म्हणजे जास्त फिकट, हा हिशेब काही अंशीच खरा आहे. जोर वाढला की केसाची प्रथिनंही तितकीच तुटतात आणि टाळू भाजतो. त्यात नागपूरचं ऊन! डोक्याच्या उष्णतेने मुळाशी ब्लीच तसंही लवकर चढतं, उन्हात आणखी चढतं. मग चटका बसतो म्हणून ती मुलगी कूलरसमोर जाऊन बसली. तिथे लांबीवरचं मिश्रण वाळलं, आणि वाळलेलं ब्लीच काम करत नाही. मुळं पिवळी आणि टोकं काळी का राहिली, ते एवढ्यावरून समजतं. काळ्या केसांना १० पर्यंत न्यायला हलक्या डेव्हलपरने बहुधा दोन-तीन बैठका लागतात, मध्ये काही आठवडे सोडून. ओला केस रबरासारखा ताणला जाऊन परत आखडत नसेल, तर तिथेच थांबायचं. काही केस १० पर्यंत पोहोचतच नाहीत, आणि ते ग्राहकाला तोंडावर सांगावं लागतं.

मेहंदीचा मुद्दा तर धोक्याचाच आहे. शुद्ध मेहंदीचा रंग केसाच्या प्रथिनाला धरून बसतो, ब्लीचनंतरही केशरी राहतो. वर नीळपत्रीचा (केस काळे करायच्या इंडिगो पावडरचा) लेप दिलेला असेल तर केस हिरवट होऊ शकतो. आणि 'काळी मेहंदी' म्हणून मिळणाऱ्या काही पुड्यांत धातूंचे क्षार असतात. पेरॉक्साइडशी गाठ पडली की ते तापतात, केस जागेवर तुटू शकतो. म्हणून आधी मागची एक बट कापून तिच्यावर ब्लीच लावून पाहा, आणि ४८ तास आधी कानामागे पॅच टेस्ट करा, म्हणजे थोडंसं लावून खाज किंवा पुरळ येतं का ते बघा. व्हिडिओत या दोन्हींचं नावही नाही.

खोबरेल तेलाचं मात्र अर्धं खरं आहे. ते केसात मुरतं आणि प्रथिनांची झीज कमी करतं, २००३ च्या एका संशोधनातही ते दिसलं आहे. झीज कमी होते, थांबत नाही.

राहिलं पार्लरवाल्यांचं घाबरवणं. ज्यांचे केस आधीच फिकट पिवळे झालेत त्यांनी टोनिंग खुशाल घरी करावं, मी शिकवेन. हातमोजे घाला, प्लास्टिकची वाटी घ्या, टोनरमध्ये ६ टक्के किंवा त्याहून हलका डेव्हलपर मिसळा. दर पाच मिनिटांनी एक बट पुसून बघा, पिवळा गेला की लगेच धुवा. ही झाक काही आठवड्यांत धुऊन जाते, मग पुन्हा करावी लागते.

आणि ज्यांचे केस वयाने पांढरे झालेत, त्यांना तर ब्लीचची गरजच नाही. माझ्या आईचे केस बोअरच्या पाण्याने पिवळट दिसायला लागले होते. त्या पाण्याचा पांढरा थर आमच्या कूलरच्या जाळीवरही बसतो. आता ती दर पंधरा दिवसांनी जांभळा शाम्पू मोजून तीन मिनिटं ठेवते, पिण्याच्या नळाच्या पाण्याने धुते. परवा टेकडीच्या गणपतीला गेलो होतो, तर रांगेतल्या एका मुलीने तिला विचारलं, "आजी, कलर कुठून केला?"