आधी गहू, मग बाजरी, शेवटी मालक

पिठाच्या गिरणीचा मालक कोण ते पाटीवर लिहिलेलं असतं. गिरणीत कोणाचं चालतं, ते कुठंच लिहिलेलं नसतं. गल्ल्यावर मी बसतो. दगड आवळायचं-सैल करायचं चाक धाकट्या काकांच्या हातात. उधारीची वही बायकोकडे. वडील निवृत्त झालेत, म्हणजे गल्ल्यावरून उठून दाराशी स्टुलावर बसलेत. तिथून त्यांना जास्तच दिसतं. मुलगा बीबीएला आहे. त्याच्या पुस्तकात नेतृत्वाचे बरेच प्रकार दिलेत. गिरणीत एकच चालतो: दळणाचा क्रम लावणं आणि लोकांचं बोलणं खाणं.

क्रम म्हणजे रांग नव्हे, सगळी गोम तिथंच आहे. दगडांच्या मध्ये आणि बाहेरच्या कवचात पाव-अर्धा किलो पीठ मागं राहतंच, ते पुढच्या गिऱ्हाइकाच्या डब्यात उतरतं. म्हणून आधी सगळे गहू, मग ज्वारी, मग बाजरी, सरतेशेवटी हरभऱ्याची डाळ. बाजरीवर गहू घेतले की पोळ्या करड्या होतात, आणि ‘तुमच्या गिरणीत काय मिसळता हो?’ हे चारचौघांत ऐकावं लागतं. उपवासाचा राजगिरा-वरी असेल तर कवच उघडून, ब्रशनं झाडून, मगच. एकादशीच्या पिठात गहू गेला तर पाप आमच्याच खात्यावर.

आता सकाळी आठला पहिला नंबर लावून डाळीचा डबा ठेवणाऱ्या काकूंना सांगायचं की तुमचं दुपारी होईल. त्या म्हणणार, ‘मी पहिली आले ना?’ त्यांचं बरोबर असतं. माझंही बरोबर असतं. मुलानं सुचवलेली टोकनं यातच बारगळली: एक नंबर डाळ, दोन नंबर गहू, तीन नंबर बाजरी. टोकनाला धान्य कळत नाही.

दुसरी भानगड चाकाची. चाक आवळलं की दगड जवळ येतात, पीठ बारीक पडतं. फार आवळलं तर पीठ हाताला चटका देतं, आणि अशा जळक्या पिठाची भाकरी थापताना कडेनं चिरते; मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी आणली असली तरी. सैल सोडलं तर पीठ रवाळ. कापडी नळीखाली हात धरून पीठ कोमट लागलं पाहिजे, एवढंच माप. काका चिमूट अंगठ्यानं चोळतात आणि चाक केसभर फिरवतात. मीही चिमूट घेतो, गंभीरपणे चोळतो आणि काकांच्या तोंडाकडे बघतो.

चाक किती का फिरवा, दगडाच्या खाचा झिजल्या की पीठ तापणारच. मग टाकी लावायची, म्हणजे खाचा पुन्हा कोरायच्या. दगड उतरवायला दोन माणसं, छिन्नी-हातोडा आणि मोडलेला दिवस. नंतरची पहिली दीड-दोन किलो ज्वारी भरडून फेकायची, त्यात दगडाची कच असते. काका म्हणतात आजच काढू. बायको म्हणते सणाच्या तोंडावर नको. वडील स्टुलावरून म्हणतात, विचारत बसू नका. आणि तिघंही माझ्याकडे बघतात.

गणपतीच्या आधी मोदकाची पिठी. धुतलेला तांदूळ सावलीत नीट वाळलेला हवा, दाताखाली कट्कन तुटला पाहिजे. दमट असला तर दगडावर लेप बसतो, पीठ यायचं थांबतं, मोटर कण्हायला लागते. मग सुकी ज्वारी जाडसर भरडून तो लेप काढा, आणि मागच्या पाच डब्यांची समजूत काढा. चकलीची भाजणी कढईतून थेट डब्यात भरून आणली की हेच. आतल्या वाफेनं ती घाम धरते. ‘गार करून उद्या आणा’ हे परक्याला सांगता येतं. आत्याला सांगून बघा.

त्यात लाइट. दळण चालू असताना गेली तर दाणे दगडांत अडकून बसतात. आल्यावर आधी चाक सैल करायचं, मग स्टार्टर. नाहीतर भरल्या दगडावर मोटर नुसती घुमते, फिरत नाही. तीनपैकी एक फेज गेली तरी तसंच घुमणं, आणि बटण दाबून बसलं तर वाइंडिंगचा वास. ‘हिरवा दिवा लागला, चालू कर!’ असं रांगेतले दहाजण ओरडत असताना हात मागं ठेवून उभं राहणं, हे पगारी काम असतं तर मी जादा भत्ता मागितला असता.

घट तर विचारूच नका. दहा किलोमागं शंभर-दीडशे ग्रॅम कमी भरणारच. दळताना ओल उडते, भुकटी हवेत जाते. ती भुकटी माझ्या भुवयांवर दिसत असते, तरी संशय माझ्यावरच.

डब्याबरोबर झाकणावरही नाव घालावं, हा आमचा नियम. तरी रात्री शटर ओढताना एक झाकण उरतंच. तसली अकरा झाकणं खिळ्याला टांगलीत, त्यातलं कुठलंही कुठल्याही डब्याला बसत नाही. गिरणीतल्या प्रत्येक गोष्टीवर घरात चार मतं आहेत. या झाकणांचं काय करायचं, ते मात्र सगळ्यांनी एकमतानं माझ्यावर सोडलंय.