नवविवाहितांनो, एकांत टाळण्याचे खात्रीशीर उपाय

लग्नाला चौदा महिने झाले, म्हणजे सल्ले देण्याइतकी मी आता जुनी झाले. तर ऐका. पहिल्या वर्षात नवराबायकोने सगळ्यात जपायचं असतं ते एकांतापासून. दोघं एकटे सापडले की बोलायला लागतात, आणि बोलायला लागले की वेगळ्या घराचा विषय निघतो. मुंबईत हा धोका मुळातच कमी. वन बीएचकेत चार माणसं राहिली की निम्मं काम भिंतीच करतात. तरी गाफील राहू नका.

सुरुवात नोंदणीपासूनच करा. लग्न दोघांचं, पण नमुना ‘ड’वर साक्षीदार तीन लागतात. म्हणजे राज्याच्या १९९८च्या कायद्यानेच बहुमत तुमच्या विरोधात ठेवलंय. साक्षीदार नीट निवडा, म्हणजे चांगले खवय्ये निवडा. आमच्यातले एक मामा त्या सहीची आठवण करून द्यायला अजून दर रविवारी येतात. जेवायच्या वेळेला.

सणांची काळजी पंचांग घेतं. आषाढात तुम्हाला माहेरी धाडतात, श्रावणात मंगळागौर, आणि ती एकदा पुजून सुटका नाही, पाच वर्षांचा करार आहे. संक्रांतीला काळी साडी आणि हलव्याचे दागिने. जानेवारीतही मुंबईला घाम येतो हे दागिने करणाऱ्या बाईंना कुणी सांगितलं नसावं. माझा हलव्याचा तन्मणी मानेला असा चिकटला की तो सोडवायला तीन मावश्या ओला रुमाल घेऊन बसल्या. नवरा फोटोपुरता आत आला आणि ‘बायकांत काय करतोस रे?’ ऐकून बाहेर गेला.

एवढं करूनही मे महिना मोकळा सापडला, तर साडेबत्तीस महिन्यांनी येणाऱ्या अधिक महिन्यावर भिस्त ठेवा. २०२६ साली तो १७ मे ते १५ जून. मनालीचा बेत जागच्या जागी मिटला, कारण जावयाला ३३ अनारशांचं वाण द्यायचं होतं. आईने दिलं. खाऊन संपवायला पुन्हा सासरची सगळी मंडळी लागली, तेही बरंच झालं.

रोजच्या ये-जा करण्याची चिंता नको, ती रेल्वेने वाटून घेतली आहे. सकाळची फास्ट लोकल दोघांची एकच. हा मधल्या जनरल डब्यात, मी पुढच्या लेडीजमध्ये. डोंबिवली ते दादर आमचा पत्रव्यवहार असा:

‘चढलीस?’

‘हो.’

‘चौथी सीट?’

‘उभी.’

लग्नाआधी हाच माणूस पानपानभर मेसेज पाठवायचा. आमच्या डब्यातल्या ग्रुपने पहिल्याच आठवड्यात माझ्याकडून उखाणा घेतला, मुलुंड ते घाटकोपर टाळ्या चालू होत्या. आता त्या दर सोमवारी माझ्या पोटाकडे बघतात. डोहाळजेवणाला कुणी काय आणायचं ते ठरलंय, हिरव्या बांगड्यांची वर्गणीही जमली. फक्त आम्ही दोघंच मागे पडलोय. संध्याकाळी दादरच्या पुलावर तेवढी पाच मिनिटं भेट होते. तिथे ‘अरे’ म्हणायला हरकत नाही, पण घराची बेल वाजेपर्यंत त्याचं ‘अहो’ झालं पाहिजे. मी कोपरच्या पुढे सराव सुरू करते.

आता सहल. आधी कुलदैवत. आमचं जेजुरी, आणि तिथे नवऱ्याने बायकोला उचलून निदान पाच पायऱ्या तरी चढायच्या असतात. घरी टीव्हीसमोर याचा हात चुकून माझ्या खांद्यावर पडला तर सासरे खाकरतात. तिथे मात्र भंडारा उधळत भर गर्दीत सासूबाई स्वतः ओरडत होत्या, ‘नीट धर रे तिला! जवळ घे!’ चौदा महिन्यांतला आमचा सगळ्यात निवांत क्षण तो. पाच पायऱ्यांचा.

लांबचा बेत ठरवलाच तर घाई करा. पूर्वी रेल्वेचं आरक्षण १२० दिवस आधी उघडायचं, अख्खं खानदान सामील करून घ्यायला सवड मिळायची. नोव्हेंबर २०२४पासून ६०च दिवस मिळतात. त्यापेक्षा माथेरान बरं. आम्ही दोघांनीच जायचं ठरवलं होतं. मग सासूबाईंचे गुडघे आठवले, कारण तिथे मोटारींना बंदी असल्यामुळे हवा चांगली असते. मग नणंदेच्या मुलांची परीक्षा संपली. मग मामांना कळलं. नऊ जण झालो.

नेरळहून वर जाणारी ती छोटी गाडी १९०७ सालची. वाटेत एकच बोगदा, आणि त्याला लोक ‘वन किस टनेल’ म्हणतात, कारण आतला अंधार तेवढाच पुरतो. हे मी लग्नाआधीपासून वाचून ठेवलं होतं. याने म्हणे पाठच केलं होतं. आम्ही शेजारी बसलो, मामा खिडकीत, मांडीवर नणंदेचा धाकटा. बोगद्याचं तोंड दिसलं तसा याने हळूच माझा हात दाबला. डबा अंधारला.

आणि सासूबाईंनी मोबाईलचा टॉर्च लावला. थेट माझ्या तोंडावर.

‘घाबरू नकोस गं, मी आहे,’ म्हणाल्या, आणि दुसऱ्या हाताने चकलीचा डबा पुढे केला.