सांडपाण्याचं तळं नको, गुळाचा ड्रम हवा म्हणे!

‘गावाच्या उशाला डेंग्यूचा कारखाना!’ असा मथळा असलेला मेसेज आत्याने पाठवला. आत्या ग्रामपंचायत सदस्य आहे. सांडपाणी स्थिरीकरण तळ्याचा, म्हणजे गावचं सांडपाणी काही दिवस साठवून ऊन-शेवाळाच्या जोरावर साफ करणाऱ्या तळ्याचा ठराव ग्रामसभेपुढे आहे आणि तिचा प्रश्न एवढाच, ‘हात वर करू की नको?’ मेसेज म्हणतो, तळ्यात डेंग्यूचे डास होतात, त्याचं हिरवं पाणी विषारी असतं, विहिरी नासतात. त्यापेक्षा ड्रममध्ये गूळ, ताक, बेसन कुजवून गटारात ओता. तीन दिवसांत पाणी शुद्ध, खुशाल मेथी-कोथिंबिरीला सोडा.

डेंग्यूचं आधी उरकतो. त्याचा एडिस डास रांजण, टायर, कूलरमधल्या साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. घाण पाण्यात होतो तो क्युलेक्स, हत्तीरोगवाला; विदर्भात त्याची ओळख करून द्यायला नको. तोही वाढतो काठच्या गवतात नि जलपर्णीत. काठ साफ ठेवायचे, झालं. आणि आज गल्लीत तुंबलेल्या गटारात काय, फुलपाखरं होतात?

हिरवा रंग शेवाळाचा. उन्हात ते ऑक्सिजन सोडतं, त्यावर जिवाणू घाण खाऊन संपवतात. भर दुपारी पाण्याचा सामू (पीएच) 9 च्या वर जातो, त्यात आणि उन्हात रोगजंतू मरतात. वीज नको, पंप नको. तळं काळं पडून घाण मारू लागलं, तर घाबरा.

आता तो ड्रम. घाण खाणारे जिवाणू सांडपाण्यात आधीच कोट्यवधी असतात. त्यांना कमी पडतो ऑक्सिजन आणि वेळ. ताकाने दोन्हींतलं काहीच मिळत नाही. उलट एक किलो गूळ कुजायला जवळजवळ एक किलो ऑक्सिजन खातो, म्हणजे वीस-पंचवीस माणसांच्या दिवसभराच्या सांडपाण्याएवढा. साखर कारखान्याची मळी ओढ्यात गेली की मासे का मरतात? हेच. आपण स्वखर्चाने गटारात घाण वाढवायची आणि वर तिला शुद्धीकरण म्हणायचं!

आणि ते पाणी मेथीला? कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या भाज्यांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने 1989 मध्येच मर्यादा घातली होती: लिटरमागे जंताचं फार तर एक अंडं, 100 मिलिलिटरमागे विष्ठेतले जिवाणू फार तर 1000. जंताची अंडी गुळाने मरत नाहीत. ती संथ पाण्यात कित्येक दिवस राहून तळाशी बसावी लागतात, आणि तळी एकामागे एक खणतात ती त्यासाठीच. ही कोथिंबीर पोरं खाणार आहेत, हे मेसेज लिहिणाऱ्याच्या डोक्यात तरी आलं का?

विहिरींचं मात्र अर्धं खरं आहे. मुरमाड जमिनीत अस्तराशिवाय खड्डा खणला, तर पाणी झिरपून नायट्रेट विहिरीत उतरू शकतं. चिकणमाती दाबून बसवा, नाहीतर प्लास्टिकचं अस्तर घाला. परसात जागा असेल तर शोषखड्डा करा, असंही मेसेजात आहे, तेही बरोबर. दाट गावठाणात ती जागा आणायची कुठून, ते नाही सांगितलेलं.

आत्या, तू ग्रामसभेत वेगळंच विचार. संडासाच्या टाक्यांचं पाणी याच गटारात येतं का? येत असेल तर जंताची अंडीही येणार, मग एका तळ्याने भागणार नाही. 2020 मध्ये आलेल्या स्वच्छ भारत मिशनच्या दुसऱ्या टप्प्यात 5000 पर्यंत वस्तीच्या गावाला सांडपाण्यासाठी माणशी 280 रुपयांपर्यंत धरले होते, म्हणजे 2000 वस्तीला 5,60,000. ते बांधकामात जातील. पुढे गवत कोण काढणार, गाळ कोण उपसणार आणि त्याचे पैसे कुठून, हे ठरावातच लिहून घे.