समाजवादी उद्योजक ढोंगीच असतो का?

व्हॉट्सॲपवर सध्या एक मजकूर फिरतोय. त्याचा सारांश असा : समाजवाद नोकरीत असेपर्यंत ठीक, स्वतःचा धंदा काढला की माणूस भांडवलदार झाला. तरीही समाजवादी म्हणवून घेणारा ढोंगी तरी असतो, नाहीतर बुडतो. कामगारांचा एवढा कळवळा असेल तर सगळं वाटून टाकावं. मी छोटा छापखाना चालवतो आणि समाजवादी आहे, म्हणून उत्तर देणं भाग आहे.

धंदा केला की समाजवाद संपला, हे आधी घेऊ. समाजवादाचं भांडण माल बनवण्या-विकण्याशी नाही. कारखाना कोणाचा, नफा कोणाकडे जातो, निर्णय कोण घेतं, यावर ते आहे. मार्क्सचा साथीदार आणि समाजवादी विचारवंत एंगल्स याने मँचेस्टरमध्ये घरच्या कापड-सुताच्या कंपनीत १८५० ते १८६९ काम केलं, शेवटी भागीदार म्हणून. त्याच पैशाने त्याने मार्क्सचा संसार सावरला.

ढोंगाचा आरोप जास्त गंभीर आहे. ब्रिटिश समाजवादी रॉबर्ट ओवेन स्कॉटलंडमधल्या न्यू लॅनार्कच्या सूतगिरण्या चालवायचा. दहा वर्षांखालच्या मुलांना तो कामावर घेत नसे, त्यांच्यासाठी त्याने शाळा काढली. अमेरिकेने निर्यात रोखली आणि कापूस भडकला, तेव्हा चार महिने यंत्रं थांबवूनही त्याने पूर्ण मजुरी दिली. पण माझ्या मते त्याचं खरं मोठेपण १८१६ मधलं आहे. त्या वर्षी ब्रिटिश संसदेच्या समितीपुढे साक्ष देऊन त्याने बालमजुरीला आणि कामाच्या तासांना कायद्याचा लगाम मागितला. स्वतः गिरणीचालक असून. ढोंग म्हणजे तोंडाने समता बोलायची आणि भविष्य निर्वाह निधी टळावा म्हणून हजेरीपटावर वीस माणसं होऊ द्यायची नाहीत, कारण वीस झाली की तो लागू होतो.

तरी या मजकुरात एक खरी गोष्ट आहे. ओवेन कितीही भला असला तरी मालक तोच होता. कामगारांचं सुख त्याच्या मर्जीवर होतं. माझ्या छापखान्यातही आज पगार मीच ठरवतो. ही विसंगती चांगुलपणाने मिटत नाही, आणि एकदा पैसे वाटल्यानेही मिटत नाही, कारण दुसऱ्या दिवशी ठरवणारा तोच उरतो. ती मालकीची घडी बदलून कमी करावी लागते. जर्मनीत येना इथल्या त्साइस या भिंगांच्या कंपनीत तिचे एक मालक अर्न्स्ट आबे यांनी तेच केलं. ते गिरणी कामगाराचे पुत्र. १८८९ मध्ये त्यांनी प्रतिष्ठान स्थापलं आणि पुढे आपली मालकी त्याच्या हवाली केली. वरिष्ठांचा पगार कामगारांच्या सरासरीच्या दहापटीहून जास्त नको, हे तिथे नियमात लिहिलं गेलं. १९०० मध्ये आठ तासांचा दिवस आला. मालकाचं मन बदललं तरी मोडणार नाही, अशी ही सोय होती.

राहिला बुडण्याचा मुद्दा. त्साइस आजही भिंगं आणि सूक्ष्मदर्शक बनवते. आपल्याकडचं उदाहरण केरळचं आहे. बिडी कामगारांच्या हक्कांचा १९६६ चा कायदा तिथे लागू होऊ लागला, तसे मंगळूरच्या बड्या कारखानदारांनी कन्नूरकडचे कारखाने बंद केले. हजारो कामगार रस्त्यावर आले. त्यांनी १९६९ मध्ये सरकारच्या मदतीने 'दिनेश बिडी' ही सहकारी संस्था उभारली आणि जे हक्क परवडत नाहीत म्हणून कारखानदार पळाले होते, तेच देऊन धंदा चालवला. बिडीचा खप घटल्यावर संस्था खाद्यपदार्थ, छत्र्या आणि तयार कपड्यांकडे वळली.