फुकट माप

परवा भवानी पेठेत टिंबर मार्केटजवळ एका हार्डवेअरच्या दुकानात एका अनोळखी काकांनी माझा हात धरला आणि त्याच्यावर ड्रॉवरचं हँडल ठेवलं. न विचारता. मी फर्निचरची कामं करतो, ड्रॉवर सरकायचे चॅनेल घ्यायला गेलो होतो, आणि माझ्या डाव्या हाताला आतल्या बाजूने मनगटापासून वर १५ सेंटिमीटरची पट्टी गोंदवलेली आहे, मिलिमीटरच्या रेघांसकट. एवढाच काय तो माझा संबंध.

दुकानातल्या पोऱ्याला टेप सापडेना. आता हँडल मोजतात स्क्रूच्या भोकापासून भोकापर्यंत, मिलिमीटरमध्ये, ९६, १२८, १६०, सगळा ३२ चा पाढा, त्यामुळे पोऱ्याने नुसतं बघूनच ९६ सांगितलं होतं. पण काकांना खात्री हवी होती.

"चौऱ्याण्णव भरतंय."

"काका, कातडी आहे ती. हात वळला की माप सरकतं."

"मग सरळ धर ना."

धरला.

"आता सत्त्याण्णव! अरे, तुझा हात खोटा आहे."

चारचौघात. मी म्हटलं ९६च आहे, घेऊन जा. तर म्हणे, "इंच का नाही टाकलेस?" जागा नव्हती, मी म्हटलं. "दुसरा हात आहे की." मग चष्मा कपाळावर चढवून, अगदी गंभीरपणे, "आणि याच्यावर वजनमापेवाल्यांचा शिक्का आहे का?" हे ऐकून दुकानदाराने स्वतःच्या तराजूवरचा शिक्का गुपचूप रुमालाने पुसून घेतला. तेवढ्यात मागून एकजण टॉवरबोल्ट, म्हणजे दाराची कडी, घेऊन आला, "दादा, हलू नका, माझंही बघतो."

मेट्रिक मापांचा कायदा झाला १९५६ ला, पण आमच्या धंद्यात अजून प्लाय ८ बाय ४ फुटी, त्याचीच जाडी १८ एमएम, आणि मिस्त्री विचारणार "साहेब, दोन सूत मारू का?" म्हणजे पाव इंच. या खिचडीत दिवस काढणाऱ्या माणसाला एक तरी माप आपलं स्वतःचं असावं वाटलं तर काय बिघडलं? आणि लग्नाकार्यात आई मला इंटिरियर डिझायनर म्हणते, काका लोक सुतार म्हणतात, म्हटलं हातावरच लिहून टाकू, ज्याला जे समजायचं ते समजू दे. सैन्यभरतीलाही कोपर ते मनगट आतल्या बाजूला टॅटू चालतो, पण हार्डवेअरच्या दुकानात चालत नाही.

माझ्या केस कापणाऱ्याच्या मानेवर कात्री आहे, तिने कोणी मिशी कापायला जात नाही. अर्ध्या पुण्याच्या हातावर राजमुद्रा आहे, कोणी सातबारा घेऊन शिक्का मारायला येतं का? माझ्या आजीच्या हातावर तुळस गोंदलेली होती, जत्रेत काढलेली, तिला उभ्या जन्मात कोणी पाणी घातलं नाही. आमचीच पट्टी बरी सार्वजनिक.

पण खरं सांगू का, हे हाताचं नवीन नाहीये. आमचं माप फुकटच असतं. "नुसतं येऊन बघून जा हो," रविवार घालवा, भिंतीला भिंत काटकोनात नाही ते गुनिया लावून दाखवा, ड्रॉइंग द्या, कोटेशन द्या, मग सहा महिन्यांनी त्याच ड्रॉइंगवर दुसऱ्याने केलेलं किचन स्टेटसला बघा. लाइक पण करावं लागतं, ओळखीचे असतात. डॉक्टरला नाडी बघायचे पैसे देतात, आम्ही पूर्ण घर बघतो तर चहा, तोही "घेणार का?" असं विचारून.

असो. काकांनी हँडल घेतलं, ९६चंच. जाताना माझ्याकडे वळले. "काम कसं करतोस? आमचं किचन करायचंय. ये एकदा, माप घेऊन जा."

"व्हिजिटचे पाचशे होतील."

"पाचशे?" काकांनी दुकानदाराकडे बघितलं. "पट्टी चुकीची आणि वर पाचशे?"

दुकानदाराने मान डोलावली. मी त्याचा दर आठवड्याचा गिऱ्हाईक आहे.