श्वसन आणि ध्यानाने दहशतवादी हल्ल्याचा आघात ‘पुसला’ जातो का?

दहशतवादी हल्ला झाला की काही दिवसांतच एका ठरावीक आशयाचा मजकूर फोनवरून फिरू लागतो. त्यात म्हटलेले असते की रोज पंधरा मिनिटे दीर्घ श्वसन आणि ध्यान केल्यास एकवीस दिवसांत मनावरचा आघात पुसला जातो आणि हे विज्ञानाने सिद्ध झालेले आहे. डॉक्टरांची गरज नाही, कारण त्यांच्या गोळ्यांची सवय लागते. ज्यांना फरक पडत नाही त्यांची इच्छाशक्तीच कमी पडते. आणि उपाय निरुपद्रवी असल्यामुळे तो करून पाहण्यात तोटा काहीच नाही, असेही पुढे सांगितलेले असते. असा मजकूर पुढे पाठवणाऱ्यांचा हेतू चांगला असतो याबद्दल मला शंका नाही. परंतु मुंबईने १९९३, २००६ आणि २००८ चे हल्ले सोसले आहेत, पुण्याने २०१० मध्ये जर्मन बेकरीतील स्फोट पाहिला आहे आणि २२ एप्रिल २०२५ रोजी पहलगामजवळ बैसरन येथे मारल्या गेलेल्या २६ जणांत महाराष्ट्रातले सहा जण होते. हा मजकूर आपल्याकडे ज्या घरांत पोहोचतो त्यांतल्या काहींमध्ये हल्ल्यातून वाचलेले माणूस खरोखरच राहत असते, म्हणून त्यातले एकेक विधान तपासणे आवश्यक आहे.

यात जे खरे आहे ते आधी मान्य केले पाहिजे. भीतीने श्वास जलद आणि उथळ होतो, रक्तातील कार्बन डायऑक्साइड कमी होतो, बोटांना मुंग्या येतात, गरगरते, छाती आवळल्यासारखी वाटते आणि या लक्षणांनीच माणूस आणखी घाबरतो. अशा वेळी उच्छ्वास लांबवून, मिनिटाला साधारण सहा श्वास एवढ्या संथ गतीने श्वसन केले तर मेंदूपासून हृदयापर्यंत जाणाऱ्या व्हेगस नसेच्या द्वारे हृदयाची गती उतरते आणि भीतीचे हे चक्र तुटू शकते. फटाक्याच्या आवाजाने थरथरू लागलेल्या माणसाला पाच मिनिटांत स्थिर होता आले, तर तो लाभ मुळीच लहान नाही. मात्र तो त्या प्रसंगापुरता असतो. आघातोत्तर ताणविकारात, ज्याला डॉक्टर पीटीएसडी म्हणतात, घटना पुन्हा आत्ता घडते आहे असे वाटणे, तिची दुःस्वप्ने पडणे, तिची आठवण करून देणाऱ्या जागा आणि माणसे टाळणे, सतत सावध राहणे, स्वतःला दोष देणे अशा अनेक गोष्टी एकत्र असतात. हृदयाची गती खाली आली म्हणून या सगळ्या आपोआप सुटत नाहीत.

एकवीस दिवसांच्या हिशेबात तर मूलभूत चूक आहे. भीषण प्रसंगानंतर पहिले काही आठवडे झोप उडणे, दचकणे, रडू कोसळणे हे बहुतेकांच्या बाबतीत घडते आणि आप्तांची सोबत, सुरक्षितता व नित्याचे व्यवहार परत मिळाले की ते बहुतेकांच्या बाबतीत ओसरतेही. म्हणूनच लक्षणे महिन्याहून अधिक काळ टिकल्याशिवाय पीटीएसडीचे निदान केले जात नाही. न्यूयॉर्कमध्ये ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर मॅनहॅटनच्या ११० व्या रस्त्याच्या दक्षिणेस राहणाऱ्या प्रौढांची पाहणी झाली, तेव्हा पहिल्या एक-दोन महिन्यांत सुमारे ७.५ टक्के लोकांत हा विकार असावा असे दिसले, आणि सहा महिन्यांनी तेच प्रमाण ०.६ टक्क्यांवर आले. या काळात जो काही उपाय केला असेल, मग तो प्राणायाम असो, काढा असो की ताईत, त्याला यश आल्यासारखे वाटणारच. ‘मी केले आणि मला बरे वाटले’ हा अनुभव खोटा नसतो. पण बरे वाटण्याचे कारण श्वसनच होते, हे त्यावरून ठरत नाही. ज्यांची लक्षणे अशी ओसरत नाहीत, त्यांच्यासाठीच उपचारांचा प्रश्न असतो आणि हा मजकूर नेमका त्यांच्याविषयी काही सांगत नाही.

‘विज्ञानाने सिद्ध’ या शब्दांमागे काही खरे अभ्यास आहेत, ते नाकारून प्रतिवाद होणार नाही. अमेरिकेत २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ११६ माजी सैनिकांपैकी काहींना आठ आठवड्यांचा सजगतेचा, म्हणजे चालू क्षणाकडे लक्ष देण्याच्या ध्यानाचा, अभ्यासक्रम दिला गेला. त्यांची लक्षणे उरलेल्यांच्या गटापेक्षा अधिक उतरली, परंतु विकाराचे निदानच उरले नाही अशांचे प्रमाण दोन्ही गटांत लक्षणीयरीत्या वेगळे निघाले नाही. २०१८ च्या दुसऱ्या अभ्यासात २०३ माजी सैनिकांमध्ये भावातीत ध्यान (मनात मंत्र घोळवत करायचे ध्यान) हे एका प्रस्थापित मानसोपचारापेक्षा कमी ठरले नाही, आणि हा निष्कर्ष निश्चितच दखल घेण्याजोगा आहे. पण या लोकांचे आधी रीतसर निदान झाले होते, प्रशिक्षित शिक्षकांनी त्यांना प्रत्यक्ष समोर बसून शिकवले होते आणि त्यांच्या प्रकृतीची वेळोवेळी तपासणी होत होती. फोनवर आलेल्या चार ओळी वाचून, एकट्याने, हल्ल्यानंतरच्या पहिल्याच आठवड्यात केलेल्या ध्यानाला या अभ्यासांचा आधार देता येत नाही.

मला सर्वांत धोकादायक वाटते ते ‘तोटा काहीच नाही’ हे विधान. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री ताजमहाल हॉटेलात अडकलेल्या लोकांचा विचार करावा. बाहेर गोळीबार, इमारतीला आग, खोल्यांत शिरणारा धूर, आणि आवाज होऊ नये म्हणून तासन्‌तास श्वाससुद्धा दाबून बसणे. अशा प्रसंगातून वाचलेल्या माणसाला डोळे मिटून ‘श्वासाकडे लक्ष द्या’ असे सांगितले, तर त्याचा श्वासच त्याला त्या खोलीत परत नेऊ शकतो. डोळे मिटले की आजूबाजूची सुरक्षित खोली दिसेनाशी होते आणि आतली दृश्ये मोकळी सुटतात. अशा माणसाने डोळे उघडे ठेवून पाय जमिनीवर टेकवणे, हातावर गार पाणी घेणे, समोर दिसणाऱ्या पाच वस्तूंची नावे मोठ्याने घेणे हे अधिक सुरक्षित ठरते. कपालभाती आणि भस्त्रिका तर जलद श्वसनाचे प्रकार आहेत. वर सांगितलेल्या मुंग्या आणि गरगरणे त्यांतून निर्माण होऊ शकते, आणि ज्याला आधीच घबराटीचे झटके येत आहेत त्याला ते तसाच झटका आल्यासारखे वाटते. आपली परंपराही याबाबत बेफिकीर नाही. प्राणायाम हळूहळू आणि युक्तीने करावा, अयोग्य अभ्यासाने रोग उद्भवतात, असा इशारा हठयोगप्रदीपिका या हठयोगावरील जुन्या ग्रंथाच्या दुसऱ्या उपदेशात, म्हणजे प्रकरणात, स्पष्टपणे दिलेला आहे. इगतपुरीसारख्या केंद्रांतील दहा दिवसांच्या विपश्यना शिबिराच्या अर्जातही मानसिक आजाराबद्दल विचारणा होते आणि शिबिर म्हणजे वैद्यकीय उपचारांना पर्याय नव्हे, असे तिथलेच नियम सांगतात. साधना शिकवणारेच जो दावा करत नाहीत, तो तिच्या नावाने इतरांनी करणे योग्य नाही.

याहून कमी लक्षात येणारा एक तोटा आहे. ११ जुलै २००६ च्या संध्याकाळी पश्चिम रेल्वेच्या लोकल गाड्यांत सात स्फोट झाले. अशा स्फोटातून वाचलेला माणूस लोकलच टाळू लागला आणि घरी बसून रोज ध्यान करू लागला, तर त्याला शांत वाटेल, पण लोकलचे भय तसेच राहील. कदाचित टाळण्याची सवय अधिकच पक्की होईल. आघातावर केंद्रित मानसोपचारात नेमके उलट केले जाते: प्रशिक्षित व्यक्तीच्या सोबतीने, पायरीपायरीने, त्या आठवणीकडे आणि त्या जागेकडे परत जायचे असते. अशा एका प्रमुख उपचारपद्धतीत श्वसनाचा सराव आरंभीच शिकवतात, परंतु आठवणीला सामोरे जाताना त्याचा आडोसा घेऊ नका, असेही बजावतात. श्वसनाचे योग्य स्थान मला तिथेच दिसते.

गोळ्यांबद्दलच्या विधानात अर्धे तथ्य आहे. झोपेच्या आणि गुंगीच्या काही गोळ्यांची सवय लागते, आणि आघातानंतरच्या पहिल्या महिन्यात तीव्र ताणाच्या लक्षणांवर त्या गटातील औषधे देऊ नयेत, अशी जागतिक आरोग्य संघटनेची २०१३ ची शिफारसच आहे. परंतु पीटीएसडीवर वापरली जाणारी सर्ट्रालीनसारखी औषधे त्या गटातली नाहीत. ती डॉक्टरांच्या सल्ल्याने सुरू करायची आणि सल्ल्यानेच हळूहळू कमी करायची असतात. असा मजकूर वाचून ती एकाएकी बंद केली तर त्रास होतो.

इच्छाशक्तीचे विधान मात्र मला क्रूर वाटते. ज्याने डोळ्यांदेखत पती, वडील किंवा सहप्रवासी गमावला, त्याला बरे वाटत नाही म्हणून तोच कमी पडला असे सांगणे म्हणजे आघाताचे ओझे पुन्हा त्याच्याच खांद्यावर ठेवणे होय. मुंबई दुसऱ्याच दिवशी कामाला लागते या कौतुकातही हाच दबाव दडलेला असतो. त्या माणसाला त्या वेळी हवी असते ती सुरक्षित जागा, आप्तांची खबर, कागदपत्रांसाठी आणि रुग्णालयाच्या खेपांसाठी सोबत, आणि बोलावेसे वाटले तर ऐकणारे कोणीतरी. जबरदस्तीने सगळा प्रसंग पुन्हा सांगायला लावल्याने लाभ होत नाही, हेही आता पुरेसे स्पष्ट झाले आहे.

तेव्हा असा मजकूर पुढे पाठवण्याची इच्छा झाली, तर त्याऐवजी एवढे कळवावे: संथ श्वसनाने बरे वाटत असेल तर ते जरूर करावे, त्रास वाढत असेल तर ते थांबवण्यात काहीही कमीपणा नाही. महिना उलटूनही झोप, कामधंदा किंवा घराबाहेर पडणे अशक्य होत असेल, दारू वाढली असेल, मूल अबोल झाले असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटावे, आणि जगणे नकोसे वाटत असेल तर महिना उलटण्याची वाट न पाहता त्याच दिवशी मदत घ्यावी. केंद्र सरकारच्या टेली-मानस या मानसिक आरोग्यासाठीच्या दूरध्वनी सेवेचा क्रमांक १४४१६ आहे. तो विनामूल्य आहे, रात्रंदिवस सुरू असतो आणि तिथे मराठीतून बोलता येते.