बाईले दिसत नाही, मंग समुद्रात कायले जाते?

आज सकाळपासून आमच्या फॅमिली ग्रुपवर जे चाललंय ते वाचून डोकं फिरलंय. तिथे एकदा लिहून झालं, पण समाधान झालं नाही, म्हणून इथे लिहितो. लांबणार आहे. ज्यांना कामं आहेत त्यांनी पुढे सरका.

झालं असं. माझी आतेबहीण टेक्सासला असते. ती आणि तिचा नवरा गॅल्व्हेस्टनहून क्रूझवर गेले, मेक्सिकोतल्या कोझुमेलपर्यंत जाऊन परत. तिने फोटो टाकले. समुद्र, जेवणाची ताटं, पोरांचे पोहण्याचे हौद. त्यातले दोन फोटो एका कुत्र्याचे होते. पिवळट लॅब्राडोर, अंगावर पट्टा, पाठीवर धरायला दांडा, जेवणाच्या टेबलाखाली पाय पोटाशी घेऊन गप पडलेला. दुसऱ्या फोटोत डेकच्या कोपऱ्यात एक चौकोनी लाकडी खोका आणि त्यात झाडाच्या सालीचे तुकडे पसरलेले. तो त्याचा संडास. खाली बहिणीने लिहिलं होतं, शेजारच्या टेबलावर एक अंध बाई आहेत, एकट्याच आल्यात, हा त्यांचा कुत्रा.

मग सुरू झाले आमचे लोक. "कुत्र्याचं नशीब पाह्यजो." "आपल्याले अजून गोव्याची बोट नाई भेटली." इथवर ठीक, मीही हसलो. मग आमचे एक भाचेजावई आले. शिकलेले, नोकरीवाले, गावात दोन माळ्यांचं घर. त्यांनी लिहिलं, "बाईले दिसत नाही, मंग समुद्रात कायले जाते? पैसा ज्यादा झाला." त्याखाली अंगठेच अंगठे.

हे वाक्य मी आधीही ऐकलंय. तेव्हा समुद्र नव्हता, बाभुळगाव तालुक्यातला आमच्या गावचा फाटा होता.

आमचे मोठे बाबा काचबिंदूने आंधळे झाले. एकदम नाही, बाजूबाजूने अंधारत गेलं आणि दवाखान्यात पोचेपर्यंत उशीर झाला होता. पण माणूस घरात बसणारा नव्हता. घरी मोत्या नावाचा गावठी कुत्रा होता. त्याच्या गळ्यात सुताची दोरी बांधून मोठे बाबा रोज वावरात जायचे. कोणी शिकवलं नव्हतं त्याला. दोघांचं दोघांनीच जमवून घेतलं होतं.

एका पावसाळ्यात पांदणीवरची मोरी रात्रीतून खचली. सकाळी मोत्या तिथे येऊन बसला तो बसलाच. मोठे बाबांनी दोरी ओढली, शिव्या घातल्या, काठी उगारली. ढिम्म हलेना. शेवटी त्यांनी काठी पुढे टाकून पाहिली तर खाली काहीच लागेना. घरी येऊन त्यांनी मोठ्या आईला फर्मावलं, आज मोत्याला भाकर तूप लावून.

आता ऐका. अमेरिकेत शिकवलेल्या गाइड डॉगला हेच मुद्दाम शिकवतात. मालकाने "चल" म्हटलं आणि पुढे खड्डा किंवा गाडी असली, तर हुकूम मोडायचा. पिल्लू वर्ष-दीड वर्ष कोणाच्या तरी घरी वाढवतात, माणसांची, गर्दीची, जिन्यांची सवय लावतात, मग पुढचे काही महिने शिकवणाऱ्याच्या हाताखाली. आंधळ्यांसाठीच नाही, काही कुत्रे बहिऱ्यांना दाराची घंटा कळवतात, काही साखर उतरली की वासावरून ओळखून मालकाला ढोसतात. तो कुत्रा तिथे लाडाने नेलेला नसतो. ड्युटीवर असतो. टेबलाखाली पडलेला दिसतो तेव्हाही.

आणि भाचेजावई, समुद्राचंच म्हणत असाल तर ही गोष्ट समुद्रापासूनच सुरू होते. 1928 साली मॉरिस फ्रँक नावाचा वीस वर्षांचा अंध पोरगा अमेरिकेच्या नॅशव्हिलहून स्वित्झर्लंडला निघाला. तिथे डोरोथी युस्टिस नावाची बाई कुत्रे शिकवायची. पहिल्या महायुद्धात डोळे गेलेल्या सैनिकांसाठी जर्मनीत असे कुत्रे तयार करत होते, त्यावर तिने अमेरिकेच्या साप्ताहिकात लेख लिहिला होता. पोराच्या बापाने तो त्याला वाचून दाखवला आणि पोराने बाईला पत्र टाकलं. पण आंधळा पोरगा एकटा जाणार कसा? त्याला चक्क पार्सल म्हणून पाठवलं! जहाजावरचा नोकर त्याला फिरवून आणायचा आणि रात्री खोलीत कोंडून ठेवायचा. येताना मात्र त्याच्यासोबत बडी नावाची जर्मन शेफर्ड कुत्री होती, आणि जहाजावर तो आपल्या पायांनी, आपल्या मर्जीने हिंडला. न्यूयॉर्कला उतरून पत्रकारांसमोर भर रहदारीचा रस्ता बडीच्या भरवशावर ओलांडला आणि बाईला एका शब्दाची तार केली: यशस्वी. पुढच्याच वर्षी अशा कुत्र्यांची तिथली पहिली शाळा निघाली.

जाताना पार्सल, येताना माणूस. फरक एका कुत्रीचा.

आपल्याकडे आपण अजून पार्सलवरच आहोत. माझं झेरॉक्स-ऑनलाइनचं दुकान आहे, तुम्हाला माहीत आहे. युडीआयडीचे, म्हणजे दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्राचे फॉर्म मी भरून देतो. आंधळा माणूस कधी एकटा येत नाही. सून घेऊन येते, पुतण्या घेऊन येतो, आणि माणूस समोर बसलेला असताना मी त्याला विचारलं की उत्तर सोबतचा देतो. "त्यायले समजत नाई." अरे, डोळे गेले, कान गेले नाहीत ना! घराच्या सातबाऱ्यावर चढलेला बोजा असावा तसं वागवतात. शिबिरात पांढरी काठी मिळाली की ती दाराआड उभी राहते, कारण "एकटा जाऊन पडला बिडला तर?"

फाट्याचं सांगतो. पटावर, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीवर, 2014 साली बंदी आली, त्याच्या आधीची गोष्ट. तळेगाव दशासरचा शंकरपट आमच्या भागात कोणाला सांगावा लागत नाही. मोठे बाबांना पटाचं वेड. डोळे होते तेव्हा एक साल चुकवलं नसेल. डोळे गेल्यावर घरचे म्हणाले, आता कशाला? त्या थंडीत धुतलेलं धोतर नेसून, मोत्याला घेऊन ते फाट्यावर येऊन उभे राहिले, मी सोबत होतो. धामणगावकडे जाणारी काळीपिवळी आली. ड्रायव्हर म्हणाला, "बाबाजी, कुत्रं नाई बसत." त्याच गाडीत एका बाईच्या पायाशी पाय बांधलेल्या दोन कोंबड्या पडल्या होत्या, टपावर बकरीचं पिल्लू होतं. कुत्रं तेवढं नाही. आणि मागच्या सीटवरून कोणीतरी बोललं, "बुढ्याले दिसत त नाई, पट कायचा पाह्यते!"

गाडी हसली. मोठे बाबाही हसले. म्हणाले, "पाह्याले नाई रे बावा, आयकाले चाललो."

गाडी गेली. आम्ही घरी.

आता मला सांगा, त्या गाडीतला माणूस आणि आमचे नोकरीवाले भाचेजावई यांच्यात काय फरक? एवढाच की एकाकडे व्हॉट्सॲप होतं.

कोणी म्हणेल, कुत्र्याची भीती खरी आहे. आहे. आपल्याकडे पिसाळलेल्या कुत्र्याने पोरं चावलेली घरं मलाही माहीत आहेत, आणि कोणाला कुत्र्याच्या केसांनी दमाही उठतो. आणि हो, तिकडेही लबाड आहेत, घरच्या लाडक्याला ऑनलाइन जॅकेट घेऊन घालतात आणि सर्व्हिस डॉग म्हणून घुसवतात. मान्य. पुढे.

कारण तिथे कुत्र्याला मोकळं रान आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी नियम ऐकावे. बहुतेक क्रूझवर पाळीव कुत्रा चालत नाही. मनाला धीर वाटतो म्हणून सोबत ठेवलेलाही चालत नाही. काम शिकवलेलाच पाहिजे. पोहण्याच्या हौदात, गरम पाण्याच्या टाकीत त्याला मज्जाव. खोलीत एकटा सोडता येत नाही. खाणं मालकाने घरून न्यायचं. रेबीजच्या लसीचे कागद लागतात, आणि जहाज ज्या ज्या देशाला लागणार त्या प्रत्येकाचे नियम वेगळे, कुठे आधी परवाना काढावा लागतो. जमैकासारखी बेटं फार कडक. कागद नसले तर बाकीचे उतरून बाजारात फिरतात आणि कुत्रा जहाजावरच. म्हणजे त्या बाईंनी निघायच्या आधी महिनोन् महिने कागद जमवले असणार. आपण लग्नाच्या गाडीत बसताना तिकीटही बघत नाही.

पण अमेरिकेच्या कायद्यात एक गोष्ट अशी आहे की वाचून मला त्यांचा हेवा वाटला. त्या कुत्र्याबद्दल कर्मचाऱ्याला फक्त दोन प्रश्न विचारता येतात. अपंगत्वामुळे हा कुत्रा लागतो का? याला कोणतं काम शिकवलंय? बस. तुम्हाला काय झालंय, हे विचारायचं नाही. आणि आपल्याकडे? मोठे बाबांना पानठेल्यावर उभं राहू द्यायचे नाहीत. कवापासून? जन्मापासून का? इलाज नाई केला? शेगावले नेलं का? ज्याला कोणी ओळखत नाही तोही विचारणार.

जहाजं बहुतेक बहामा-पनामाच्या झेंड्याखाली चालतात, म्हणून कंपन्या म्हणायच्या की अमेरिकेचा अपंगांचा कायदा आम्हाला लागू नाही. भांडण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं, आणि 2005 साली कोर्टाने सांगितलं, आमच्या पाण्यात धंदा करता ना, मग लागू आहे. लक्षात घ्या, हे भांडण दवाखान्याच्या रॅम्पसाठी नव्हतं. सुट्टीवर जायच्या जहाजासाठी होतं! लोक मजा करायच्या हक्कासाठी कोर्टात गेले.

इथेच आपलं अडतं. आंधळ्याला दवाखान्यात न्यायला आपल्याकडे दहा हात पुढे येतात. देवाला न्यायलाही येतात, पुण्य लागतं. निराधारचे पैसे आले की बँकेत नेतात, त्यात तर घाईच असते. पण त्याने म्हटलं की मला पट ऐकायचा आहे, तमाशाची ढोलकी ऐकायची आहे, नुसतं नदीवर जाऊन बसायचं आहे, की सगळ्यांचे चेहरे बघा. दुःखी आंधळा चालतो, भजन म्हणणारा चालतो. मजा करणारा आंधळा डोळ्यात खुपतो.

आपल्याही 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 29 वं कलम आहे, आणि ते सांस्कृतिक जीवन आणि करमणुकीचंच आहे. पाहिजे तर माझ्या दुकानात या, प्रिंट काढून देतो. फुकट.

मोठे बाबा पुढच्या साली पटाला गेले. गावच्या एकाचा छोटा हत्ती तिकडे चालला होता, त्याच्या मागच्या डाल्यात पोत्यावर बसून. मोत्या पायाशी. थंडीने दोघांची नाकं गळत होती. पटाच्या दोरीला टेकून ते दिवसभर उभे राहिले, जेवले नाहीत. जोडी सुटली की मान त्या आवाजासोबत वळायची, आणि घड्याळवाल्याने सेकंद पुकारायच्या आत ते मला सांगायचे, ही जोडी लागली, ही फुटली, उजवा बैल मागे पडला. मला दिसत होतं आणि मला ते कळत नव्हतं. येताना बोलून बोलून घसा बसला त्यांचा. आंधळे झाल्यापासून मी त्यांना तेवढं बोलताना ऐकलं नव्हतं.

त्या बाई समुद्रात काय करतात, हे मी आतेबहिणीला विचारलं. ती म्हणाली, सकाळी डेकवर जाऊन वारा खातात, रात्री गाण्याच्या कार्यक्रमाला पहिल्या रांगेत असतात, आणि पत्त्यांत तिच्या नवऱ्याला हरवलं. उठावदार ठिपक्यांचे पत्ते असतात त्यांचे. जावईबापू, कळलं का कायले जाते ते?

नाहीच कळलं. दुपारी ते ग्रुप सोडून गेले. "वातावरण खराब होऊन रायलं" म्हणे.

हरकत नाही. फक्त एक काम राहिलंय. त्यांच्या मातोश्रींच्या कानाचा युडीआयडीचा फॉर्म माझ्याकडे अर्धा भरून पडला आहे. परवा त्या दुकानात बसल्या होत्या, मी मोठ्याने ओरडून विचारलं, कार्ड आलं की काय करसान मावशी? म्हणाल्या, नागपूरच्या मेट्रोत बसतो. मी म्हटलं, कुठी जाले? "कुठीच नाई. बसाले."

ओटीपी जावईबापूंच्या मोबाइलवर येतो. सोमवारी दहा वाजता दुकान उघडतो, तेव्हा फोन उचलावा.